सोनोने सिस्टरचा चार्ज

एका बुधवारी सकाळी सात वाजता सोनोने सिस्टर ड्युटीची साडी नेसून दवाखान्यात गेल्या आणि वार्डातल्या टेबलाशी उभं राहून त्यांनी चार्ज मागितला. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

टेबलाशी बसलेल्या नर्सने त्यांना ओळखलं. तिला सलाईन लावायला त्यांनीच शिकवलं होतं. ती उठली, वही घेतली आणि खरोखर चार्ज दिला. एकेका खाटेशी त्यांना नेलं, या पेशंटला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, सगळं सांगितलं. सिस्टर मान डोलावत ऐकत होत्या. एका सलाईनचा वेग त्यांनी कमीही केला. शेवटच्या खाटेशी पोचल्यावर त्या थांबल्या आणि आपल्या चपलांकडे बघत राहिल्या. त्या मुलीने मला फोन केला. मी रिक्षा घेऊन पोचले तेव्हा सिस्टर बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "ताई, सुरू झालं माह्यं."

"काय सुरू झालं?"

"मले माहीत हाये काय ते. तुले डॉक्टर सांगंल."

त्यांना जाऊन आता चार महिने झाले. हे लिहायला मला वेळ लागतो आहे. दोन ओळी लिहिते आणि उठते.

त्यांचं पूर्ण नाव एस्तेर सोनोने, पण गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मी खामगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि ती फारशी जाड नाही. त्यांचं माहेर, शिक्षण, लग्न यांबद्दल मला तुटक माहिती आहे आणि ती इथे उपयोगाची नाही. मला माहीत आहेत त्या भिंतीपलीकडून ऐकू आलेल्या सिस्टर.

शेजार झाल्यावर पहिल्या वर्षी मला वाटायचं, या बाई रोज संध्याकाळी दिवेलागणीला कोणाशी तरी फोनवर बोलतात. आवाज दवाखान्यातला, कामाचा. एकदा मी ओट्यावर आले आणि पाहिलं तर सिस्टर खुर्चीत बसलेल्या, डोळे उघडे, फोन कुठेच नाही.

"बेड नंबर एक. माहा गुडघा. त्याचं काही नाही, म्हातारा झाला तो. बेड नंबर दोन. पुण्याचा भाचा. काहीतरी बिनसलं त्याचं, सांगत नाही, आवाजावरून समजते. लक्ष ठेव. बेड नंबर तीन. शिंदेबाई सकाळी नळावर 'तुमच्या लोकायचं असंच असते' म्हणाली. दिवसभर ठणकून राह्यलं. मी दोनदा पट्टी उघडून पाह्यली, तेच चुकलं माह्यं. आता मी हात लावत नाही. तू पाह्य."

असे पाच, कधी दहा बेड व्हायचे. मग "आमेन" आणि लगेच उठून कुकर लावायचा. ही त्यांची प्रार्थना होती. सदतीस वर्षं त्यांनी ड्युटी संपताना येणाऱ्या नर्सला खाटेमागून खाट असा चार्ज दिला होता. देवाशीही त्या तशाच बोलत. दिवसभर मनात आलेलं एकेक त्याच्या हवाली करायचं आणि निघायचं.

निघण्याला त्या फार महत्त्व देत. "चार्ज देल्ला की वार्डात रेंगाळाचं नाही," त्या मला सांगत. "नव्या पोरी रेंगाळतात. घरी जाऊनबी फोन करतात, चार नंबरचा ताप उतरला का? अव, तू चार्ज देल्ला ना? मंग ज्याले देल्ला त्याच्यावर भरवसा नाही का तुहा?"

माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर एकच गोष्ट उगाळत होते. तिला आधीच अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. सिस्टर रोज डबा घेऊन येत आणि माझं ऐकून घेत. एक दिवस त्यांनी डबा ठेवला आणि विचारलं, "हा विचार कुठून आला?"

"कुठून म्हणजे? मनातूनच."

"मनातून नाही. मनात आला. विचार येनं काही पाप नाही ताई. दवाखान्याच्या दारात कोणीबी येते, दारू पिऊनबी येते. त्याले खाट द्याची का नाही ते आपल्या हाती. याले तू खाट देल्ली, वरून चादर बदलून राह्यली रोज."

"मी प्रार्थना करत नाही सिस्टर."

"मी करतो ना. तुहा बेड माह्या वार्डात हाये महिनाभरापासून. तू फक्त मधात मधात येऊन पट्टी उघडू नको."

मला हसू आलं. महिन्यातलं पहिलं.

त्या स्वतः विचारांना दारातच गाठत आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलत. भाकरी थापता थापता मधेच त्यांचा आवाज यायचा. "तू कोण? कोणाचा? काय काम हाये इथं? नाही, तू बाहेर बस." किंवा, "तू कालच येऊन गेला. आज काऊन आला?" कधी कधी एखाद्याला आत घेतल्यासारखंही ऐकू यायचं. "तू ये. तू खरा हाये. चूक माही होती, मी जाऊन सांगतो तिले." आणि त्या पदराला हात पुसत खरोखर कोणाकडे तरी माफी मागायला निघायच्या.

दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे चर्चमधल्या बायका प्रार्थनेला जमत. आधी प्रत्येकीने विनंती सांगायची, कोणासाठी प्रार्थना हवी ते, आणि मग सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी एकदा त्यांचा डबा परत द्यायला गेले आणि दारातच उभी राहिले. एक बाई सांगत होत्या, "एका बहिणीच्या सुनेसाठी प्रार्थना करा. नाव नाही सांगत मी. पोस्टाजवळ राहतात त्या. सून शाळेत शिकवते. तर मागच्या शनिवारी काय झालं..."

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "पोस्ट कुठं हाये ते देवाले माहीत हाये. डोळे मिट."

"अव, पुरतं सांगू तर द्या!"

"पुरतं सांगितलं तर उद्या बाजारात मले त्या पोरीच्या तोंडाकडे पाह्यता येनार नाही. माह्या वार्डात खाट खाली नाही बाप्पा."

बायका हसल्या. त्या बाई रुसल्या, पण त्यांनी डोळे मिटले. नंतर चहा देताना सिस्टरनी त्यांना बिस्किटं दोन जास्त दिली, हेही मी पाहिलं.

आता अमितबद्दल लिहायला हवं. अमित त्यांचा एकुलता एक मुलगा. तो पाच वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेविसाव्या वर्षी एका दुपारी तो मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून शेगावकडून घरी येत होता. गाडी मंगेश चालवत होता. मंगेश आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारा, त्याच्या घरची भाजीपाल्याची शेती. दोघं पहिलीपासून बरोबर. वाटेत अपघात झाला. अमित जागीच गेला. मंगेशचा पाय मोडला.

मंगेशने पोलिसांना सांगितलं की रोही आडवी आली. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात, शेतातून कधीही रस्त्यावर येतात त्या. पण गल्लीतली पोरं म्हणत होती की मंगेश मोबाइल पाहत होता. कोणी पाहिलं होतं असं नाही. तरी आठ दिवसांत ते सगळ्यांना माहीत झालेलं होतं. मलाही.

तीन महिन्यांनी मंगेश कुबड्या घेऊन सिस्टरकडे आला. मी तिथेच होते. सिस्टरनी त्याला बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा देऊन पुन्हा आत गेल्या, त्यांना त्याच्यासमोर बसवेना. आणि स्वयंपाकघरातून सिस्टरचा आवाज आला, स्पष्ट आणि कडक. "नाही. तू नाही पाह्यजे मले इथं. ऊठ. बाहेर हो."

मंगेश उठला. चहा तसाच. मला कळायच्या आत कुबड्या टेकत पायऱ्या उतरून तो निघाला. सिस्टर बाहेर आल्या, रिकामी खुर्ची पाहिली आणि अनवाणी गल्लीत धावल्या.

"तुले नाही म्हटलं रे! मंगेश! तुले नाही म्हटलं!"

"असू द्या काकू. बरोबर हाये तुमचं."

"काही बरोबर नाही! मी विचाराले म्हणून राह्यली होती!"

मंगेशला त्यातलं काही कळलं नसावं. एवढ्या बायका-माणसांसमोर, ओट्यांवरून सगळे पाहत असताना, एक बाई म्हणते आहे की ती विचाराशी बोलत होती. तो मान खाली घालून घरी गेला. त्या दिवसापासून सिस्टर विचारांशी मोठ्याने बोलेनाशा झाल्या. काही आलं की ओठ घट्ट मिटायच्या आणि हातातलं काम थांबवून क्षणभर उभ्या राहायच्या. संध्याकाळचा चार्ज तेवढा चालू राहिला, पण आवाज खाली आला. त्यात एक बेड कायम असायचा. त्याचं नाव त्या घेत नसत. "तेच हाये. काही फरक नाही," एवढंच म्हणत. अकरा वर्षं.

मंगेशने नंतर गल्लीच्या तोंडाशी मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडून तो तारा भरत बसलेला दिसायचा, उजवा पाय लांब करून. सिस्टर रोज त्याच्यासमोरून जायच्या. थांबायच्या, "जेवला का?" विचारायच्या. तो "हाव काकू" म्हणायचा. अमितचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. मी मात्र दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सिस्टर आधीच जाणून होत्या. आठवण जाणार, मग माणसं, मग स्वतः. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पेटीतले कागद दाखवले, कमल नावाच्या बाईला दिवसभरासाठी ठेवायचं ठरलं. हे सगळं झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"एक गोष्ट राह्यली ताई. पुढं पुढं मंगेशले येऊ देऊ नको."

"का?"

"आमच्या वार्डात एक रिटायर हेडमास्तर होते. लय सज्जन. त्यायच्या बायकोले चाळीस वर्षांत उलटून बोलले नाही. मेंदूचं असंच झालं त्यायले, अन् मंग दिवसभर त्या बाईले अशा शिव्या, का मले कान झाकाव वाटे. मी तिले म्हणू, हे आजार बोलून राह्यला, मास्तर नाही. म्हणत होती मी, पण मले पटत नव्हतं. मले वाटे, हे होतंच आतमंदी."

त्या थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "मी एक विचार अकरा वर्षं दाराबाहेर उभा केला. मेला नाही तो. तिथंच बसून हाये. चर्चचे पाळक साहेब म्हणतात, मनावर पहारा प्रभूचा असते. मी म्हणतो, आमेन. पण रोज उठून कडी तर मीच लावत होती ना? आता मीच राहनार नाही. मंग समजंल पहारा कोणाचा होता."

कागद पुन्हा पेटीत ठेवत त्या म्हणाल्या,

"बाकी कोणी ऐकलं तरी चालंल. चर्चच्या मंडळीनं ऐकलं, शिंदेबाईनं ऐकलं, चालंल. त्यानं नाही ऐकाव. माह्या तोंडून तसं निघालं तर पोरगं जन्मभर तेच घेऊन बसंल. तू शपथ घे."

"तुमच्यात शपथ घेतात का?"

"आमच्यात नाही घेत. तू घे, तू हिंदू हायेस."

मी शपथ घेतली.

पुढच्या महिन्यांत मी त्या कडीकडे डोळे लावून बसले. आणि कडी निखळायला लागली होती यात शंका नाही. कंगवा सापडला नाही म्हणून त्यांनी कमलला चोट्टी म्हटलं. कमल तासभर रडली. पाळक साहेब भेटायला आले, त्यांना सिस्टर म्हणाल्या, "तुमचं प्रवचन लय लांबते. मी वीस वर्षं झोपून राह्यली होती तुमच्यासमोर, डोळे उघडे ठेवून." पाळक साहेब चांगले, ते हसले. शिंदेबाईंना तर दारातच सुनावलं की तुमची शेव पाणचट असते, दर दिवाळीला मी गाईले घालतो. शिंदेबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजार हाये, समजते मले," आणि घरी जाऊन दोन दिवस आल्या नाहीत.

गल्लीत यावर हसणं झालं. मी हसू शकत नव्हते. एकेक खोली उघडी पडत होती आणि मला माहीत होतं कोणती राहिली आहे.

मंगेश आठवड्यातून दोनदा यायचा. मी त्याला फाटकातच थांबवायचे. सिस्टर झोपल्या आहेत. आज बरं नाही. डॉक्टरांनी माणसं भेटायला नको सांगितलंय. तो कधी मेथीची जुडी, कधी शेतातली वांगी माझ्या हातात द्यायचा आणि लंगडत परत जायचा. हे खोटं बोलताना मला वाईट वाटत नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवते. त्याला परत पाठवताना उलट थोडं बरं वाटायचं. मी समजत होते की मी शपथ पाळते आहे.

मार्चमध्ये सिस्टरकडच्या बोअरची मोटार जळाली. दोन दिवस पाणी नव्हतं. मी औषधं आणायला गेले होते आणि माझ्यामागे कमलने, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, दुकानात जाऊन सांगितलं. मी परत आले तर अंगणात मंगेश उकिडवा बसून मोटारीचे नट खोलत होता आणि समोर ओट्यावर खुर्चीत सिस्टर. मी फाटकाची कडी हातात धरली आणि तिथेच थांबले. आत जाऊन त्याला उठवायला हवं होतं. पण सिस्टर बोलायला लागल्या होत्या.

"कोण तू?"

"मंगेश, काकू."

"कोणता मंगेश?"

तो नुसतं 'मोटारवाला' म्हणू शकला असता. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "अमितसोबत गाडीवर होतो, तो."

सिस्टरनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी अकरा वर्षं ते मिटलेले पाहिले होते.

"अमितले लागलं," त्या म्हणाल्या.

"हाव काकू."

"लय लागलं त्याले."

"हाव."

"अन् तुले? तुले किती लागलं?"

मंगेशने पाना पुन्हा उचलला.

"सांग ना. दवाखान्यात आला तर सांगा लागते."

"पाय मोडला होता काकू."

"कोणता? इकडं ये. दाखव."

तो उठला, पायरीवर बसला आणि त्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. सिस्टर वाकल्या. नडगीवरून अंगठा दाबत खाली घोट्यापर्यंत नेला, मग दुसरा पाय जवळ ओढून दोन्हींची लांबी पाहिली. ज्या बाईला सकाळी चमचा कशासाठी असतो ते आठवलं नव्हतं, तिचा अंगठा जिथे थांबायला हवा तिथे बरोबर थांबत होता.

"जुळला. जरासा आखूड जुळला. दुखते का?"

"थंडीत दुखते."

"झोप येते?"

"नाही येत काकू."

"किती दिवसांपासून?"

"तेव्हापासून."

"मंग हे कोणं सांगाचं? मी का ज्योतिषी हाये?" त्या रागावल्या. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे न मिटता म्हटलं, "प्रभू, हे पोरगं झोपत नाही. पाह्य जरा. आमेन." आणि आत तोंड करून हाक मारली, "कमल, याले चहा दे. साखर जास्त टाक."

मंगेश चहा प्यायला. मग पुन्हा मोटारीशी जाऊन बसला. हातातला नट कुठे बसवायचा ते त्याला बराच वेळ सापडेना. सिस्टर त्याच्याकडे पाहत होत्या आणि नंतर रस्त्याने जाणाऱ्या बकऱ्यांकडे पाहायला लागल्या. मी वाट पाहत होते. अजून येईल, आता येईल. काही आलं नाही. मोटार सुरू झाली, टाकीत पाणी पडायला लागलं.

निघताना तो फाटकात माझ्यासमोर थांबला.

"मॅडम, तुम्ही मले मुद्दाम येऊ देत नव्हता ना?"

"हो."

"काऊन?"

मी त्याला सांगितलं. सिस्टरनी काय सांगितलं होतं, कशाला भीत होत्या, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमालेबी वाटते ना, मी मोबाइल पाहत होतो?"

"हो," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते फार सहज निघालं.

"खिशात वाजला होता. काढला नाही मी. पण नजर खाली गेली. तेवढ्यात रोही. नजर वर असती तर काय झालं असतं, मले आजबी नाही माहीत मॅडम. सांगितलं असतं मी. कोणी विचारलंच नाही. सगळ्यायनं ठरवूनच टाकलं होतं."

मी माझ्या घरी जाऊन बसले. सिस्टर ज्या विचाराला अकरा वर्षं दाराबाहेर ठेवत होत्या, त्याला मी पहिल्या आठवड्यात आत घेतलं होतं आणि तो माझाच असल्यासारखा सांभाळला होता. त्यांच्या दारावर लक्ष ठेवताना मला ते एकदाही दिसलं नाही.

त्यानंतर मंगेश रोज यायला लागला. सिस्टर त्याला दर वेळी नव्याने विचारायच्या, "कोण तू?" काही दिवस पुढचं सगळं पुन्हा व्हायचं. अमितले लागलं. तुले किती लागलं? तो पुन्हा पॅन्ट वर करायचा. "रोज नवा केस पेपर निघते माहा," तो कमलला म्हणायचा. एकदा सिस्टरनी त्याला पाय शेकायला सांगितला आणि तो खरंच शेकायला लागला. पुढे त्यांनी विचारणंही सोडलं. तो नुसता शेजारी बसायचा.

पहारा कोणाचा होता, हे मी सांगू शकत नाही. माझा तेवढा विश्वास नाही, आणि ज्यांचा होता त्यांना उत्तर आलेलं कळलं की नाही हेही मला माहीत नाही. मी फक्त पाहिलेलं लिहू शकते. शेवटच्या चार महिन्यांत सिस्टरना दाराची कडी म्हणजे काय ते आठवत नव्हतं. कमलला, मला, पाळक साहेबांना आणि एकदा एका मांजरालाही त्यांनी नाही नाही ते ऐकवलं. मंगेशबद्दलची ती एक गोष्ट त्यांच्या तोंडी आली नाही. मी पाळक साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते एका शुक्रवारी दुपारी. मी त्यांचे केस विंचरत होते. मधेच त्यांनी माझ्या हातातून कंगवा घेतला, मला खांद्याला धरून समोर बसवलं आणि माझे केस विंचरायला सुरुवात केली. मला त्या नवीन आलेली नर्स समजत असाव्यात. "वार्डात केस मोकळे चालत नाही," त्या म्हणाल्या. माझे केस आता थोडेच आहेत. त्यांनी ते सगळे मागे ओढून घट्ट अंबाडा घातला, एक पिन स्वतःच्या केसांतली काढून लावली, आणि मला वळवून तोंडाकडे पाहिलं. "हां. जा आता," म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या गेल्या. मूठमाती द्यायला गल्लीतले सगळे होते. मंगेशने दिली. मीही दिली.

त्यांच्या घराला कुलूप आहे. भाचा नाताळनंतर येऊन घराचं काय ते ठरवणार आहे. कमलला दुसरीकडे काम मिळालं. मंगेशला आठवड्यातले तीन-चार दिवस झोप लागते, असं तो सांगतो. मी दुकानाच्या बाजूने जाते, तो स्टूल पुढे सरकवतो आणि आम्ही थोडा वेळ बोलतो, बहुतेक वेळा अमितबद्दल.